पदरवाली

तिनं डोक्यावरचं कापड मागं सारलं अन् बोलली. एवढंच झालं. विक्कीच्या दुकानात दुपारी कोणी गिऱ्हाईक नव्हतं, बाहेर कोणतरी गाडीची रेस वाढवून पाहून राहिला होता, अन् गेमच्या स्क्रीनवर खाली हिंदीत अक्षरं आली, उठो सेनापति, तुम्हारी रानी अभी ज़िंदा है. अन् सासरा, आमचा दाढीवाला सासरा, आख्ख्या फौजेत ज्याले मी सगळ्यात जास्त जपलं, तो तिच्यासमोर गुडघ्यावर बसला. मान खाली घालून. मी रिमोट टेबलावर आपटला. विक्की मोबाईल खोलून बसला होता, त्याचा बारीक स्क्रू उडाला कुठंतरी. "अबे, पागल है क्या?" म्हणे. मी म्हटलं, "ही राणी आहे?" तो म्हणे, "तो क्या? पोस्टरवर बी तीच आहे ना बे, बीचमध्ये. तुले डोळे नाहीत का?" होती पोस्टरवर. मीच नीट पाहिलं नव्हतं. मले वाटलं नव्या गेममध्ये कोणी नवीन बाई टाकली.

नवा म्हणजे तोच जुना गेम, पुन्हा बनवून काढलेला. आजकाल हेच करून राहिले सगळे, जुनं घ्यायचं, धुवायचं, पुसायचं, चमकवायचं अन् पुन्हा आपल्याच गळ्यात घालायचं. चौकटी चौकटीचं मैदान, एकदा आपण चाल करायची, एकदा समोरच्यानं, तलवारवाले, धनुष्यवाले, जादूवाले, सगळे जसेच्या तसे. पण जसेच्या तसे कुठं आहेत? जुन्यात माणूस म्हणजे बोटाएवढा ठिपका, डोस्कं मोठं, पाय जवळजवळ नाहीतच. चालला का टिकटिक वाजे. त्या ठिपक्याले तोंड नव्हतं म्हणून तो कोणीबी होऊ शकत होता. आता एकेकाच्या भुवयांचे केस दिसतात. घोड्याच्या नाकातून वाफ निघते. झाडाचं पान हालते, त्याच्या सावलीचंबी पान हालते, अन् मी विचारून राहिलो का बाबा, मले पान पाहायचं आहे का लढायचं आहे? वार करायच्या आधीच गेम सांगून टाकते, लागेल का नाही, किती लागेल, समोरचा मरेल का वाचेल. मंग मी कायले बसलो इथं? तूच खेळ ना. अन् सगळ्यात डोस्कं फिरवणारी गोष्ट म्हणजे ते मागं जायचं बटन. माणूस मेला? दाबा बटन. तो उठून पुन्हा आपल्या चौकटीत, जसं काही झालंच नाही. विक्की ते बटन शिटी मारत मारत दाबते. जुन्यात मेला तो मेला. आमच्या फौजेतली डॉक्टरीण नदीच्या पुलावर मेली तेव्हा रविता वहिनीनं डबडं माझ्या हातातून घेऊन बंद केलं, अन् तिची दशक्रिया होईपर्यंत खेळू दिलं नाही. मी बहुत रडारड केली. ती म्हणे, "तुमच्या घरी कोणी मेलं का दुसऱ्या दिवशी पत्ते खेळतात का?"

डबडं म्हणजे तो हातातला जुना गेम, भावानं गोंदियाच्या बाजारातून आणला होता, कोणाचा तरी वापरलेला. एका कोपऱ्यात स्क्रीन तडकलेली. आतली सगळी भाषा जपानी होती. किंवा चिनी, आम्हाले काय फरक पडते. किड्यामुंग्यांसारखी अक्षरं यायची, आम्ही बटन दाबून पुढं ढकलायचो. वहिनी तेव्हा नवीनच आली होती सौंदडवरून. माझ्या भावाची, ओमेशची, बायको. भाऊ लग्नाची हळद उतरायच्या आधी हैदराबादले कामावर निघून गेला, अन् ही आमच्या घरात राहिली, माय, बाबूजी अन् मी, तेव्हा मी शाळेत जायचो अजून. दुपारी माय झोपली, बाबूजी धानाच्या बांधीकडे गेले का मागच्या खोलीत धानाच्या पोत्यांवर आम्ही बसायचो. ती मोठ्यानं सांगायची अन् मी बटन दाबायचो. गोष्ट तिनंच बनवली. अक्षरं वाचता येत नव्हती म्हणून काय झालं, पाहून समजत नाही का? हा दाढीवाला, सगळे त्याच्या आजूबाजूले उभे, म्हणजे घरातला मोठा. सासरा. हा दुबळा पोरगा बासरीवाला, म्हणजे जावई, कामाचा नाही पण मान द्यावा लागते. अन् ही जी कापड डोक्यावरून ओढून उभी राहते, तोंड दिसत नाही, हातात बारीकशी काठी, ही कोण? वहिनीनं पाहिलं अन् एका क्षणात सांगतलं, "सून."

त्यात विचार करायसारखं काही नव्हतंच. मलेबी पटलं. डोक्यावर पदर आहे, तोंड लपवलं आहे, मोठ्या माणसांच्या घोळक्यात उभी आहे, मंग दुसरी कोण असणार? तिचं नाव पदरवाली. अन् सून आहे म्हटलं का नियम आले. पदरवाली सगळ्यात मागं राहील. सासरा जिथं उभा आहे त्याच्या बाजूच्या चौकटीत ती जाणार नाही. सासराच चालत तिच्या बाजूले आला, तर आपल्या चालीत आधी तिले तिथून काढायचं, मंग बाकीचे. कितीतरी वेळा शत्रू समोर अर्धमेला उभा असायचा, एक वार मारला का संपला, अन् आम्ही ती चाल पदरवालीले भिंतीमागं न्यायले खर्च करायचो. मी चिडायचो. वहिनी म्हणे, "मंग काय सासऱ्याच्या खांद्याले खांदा लावून उभी राहीन का ती?" हे ऐकल्यावर मीबी हसायचो, कारण ते खरंच विचित्र दिसलं असतं. आम्ही हारायचो. पुन्हा पहिल्यापासून खेळायचो, पुन्हा हारायचो. शेवटच्या किल्ल्यापर्यंत गेलो, पण तो किल्ला काही पडला नाही, अन् आम्हाले वाटलं हा गेमच असा आहे, जिंकताच येत नाही, जपानी लोक तसेच असतील.

अन् आता हा नवा गेम हिंदीत समजावून सांगून राहिला का राणीच्या बाजूच्या चौकटीत जो उभा राहतो त्याची ताकद वाढते. सेनापतीची तर दुप्पट. तिच्या पायाखाली पिवळा गोल बी दाखवते, आंधळ्याले दिसेल असा. म्हणजे त्या दोघांनी चिकटून लढायचं होतं. सुरुवातीपासून. आख्खा गेम त्याच्यावरच बांधला होता, अन् आम्ही वर्षानुवर्षं त्या दोघांना एकमेकांपासून दूर पळवत राहिलो. मले राग कशाचा आला ते मलेच नीट समजत नव्हतं. हारलो त्याचा नाही. कोणी म्हटलं होतं यायले सांगायले? आम्ही धानाच्या पोत्यावर बसून जे बनवलं होतं ते चांगलं चालून राहिलं होतं, त्यात बासरीवाला जावई होता, त्याच्या मानपानाची भांडणं होती, आता समजलं तो जावई बी नाही, तो शत्रूचा हेर आहे, पुढं दगा देते. देऊ दे ना. मी नाही विचारलं.

विक्की स्क्रू शोधत टेबलाखालून म्हणे, "खेल ना आगे. रुक क्यों गया?" मी म्हटलं, "मजा नाही." तो म्हणे, "तुझी आज सकाळपासूनच मजा नाही. घरी काय झालं?"

घरी काय झालं तर काहीच झालं नव्हतं, तेच तर होतं. सकाळी निघताना वहिनीनं मले गोठ्यापाशी गाठलं होतं. बिरसीच्या विमानतळावर एका कंपनीले काउंटरवर पोरी पाहिजेत, तिनं गुपचूप फोनवरून अर्ज टाकला होता, अन् तिले घेतलं. सोमवारपर्यंत हो म्हणायचं आहे. नाही म्हटलं का दुसरीले घेतील. ती बी.कॉम. आहे, आमच्या घरात एवढं कोणीच शिकलं नाही, मी तर अकरावीतच सरच्या तोंडावर पुस्तक ठेवून निघून आलो. तिनं भावाले फोन केला तर भाऊ म्हणते, बाबूजी म्हणतील तसं. हा त्याचा सगळ्याच गोष्टीले जबाब असते, त्याले विचारलं जेवला का तरी तो हेच म्हणेल. आता बाबूजीले कोण विचारणार? ती तर विचारू शकत नाही. आमच्या इथं सून सासऱ्यासंग सरळ बोलत नाही. एका घरात राहतात, तिच्या हातचं खातात, पण बोलायचं असलं का भिंतीले सांगायचं, नाहीतर मधात एक माणूस पाहिजे. तो माणूस मी. "तिलकभाऊ, बाबूजीले म्हणावं चहा झाला." मी म्हणतो, बाबूजी, चहा झाला. बाबूजी दोन हात लांब बसले असतात, सगळं ऐकू आलं असते, तरी माझ्या तोंडून येईपर्यंत त्यायले चहा झालेला नसते. "तिले म्हणावं साखर कमी टाक." मी तिकडं तोंड करून म्हणतो, साखर कमी. लहानपणी मले हा खेळच वाटे. मंग कंटाळा आला. आता तर असं वाटते का माझा गळा माझा नाहीच, घरातल्या नळासारखा आहे, कोणीबी येते अन् तोटी फिरवते. सकाळी ती म्हणे, "बाबू, मोका पाहून सांग ना आज." एकटी असली का ती मले बाबू म्हणते. मी हो म्हटलं, गाडीले किक मारली अन् सरळ विक्कीच्या दुकानात येऊन बसलो. ते वाक्य दिवसभर तोंडात घेऊन बसलो होतो, तंबाखूचा खर्रा घोळवल्यासारखं, थुकताबी येत नव्हतं. बाबूजीले मी काही सांगतलं का ते आधी माझ्याकडं असे पाहतात का ही शाळा सोडलेल्या माणसाच्या तोंडून निघालेली गोष्ट आहे, आधीच अर्धी झालेली. तिचं काम माझ्या तोंडातून गेलं तर तिथंच मेलं. हे तिले समजत नाही का? का समजते, अन् दुसरं तोंडच नाही?

मी दुकानातून निघालो. गोरेगावच्या बाहेर दोन्हीकडं धान कापून राहिले होते, तणसाचा वास, रस्त्यावर ट्रॅक्टर आडवा, त्याच्यामागं मी अन् माझ्यामागं एसटी, अन् एसटीवाला हॉर्न मारून राहिला जसं काही ट्रॅक्टर मीच उभा केला. डोक्यात ती राणीच होती. तिचा आवाज. जुन्या गेममध्ये तिले आवाज नव्हता, टिकटिक होती. वहिनी तिच्यावतीनं बोलायची, एकदम बारीक आवाजात, पदर दातात धरल्यासारखं, "सासरेबुवा, मांगं पाहा, मांगून येऊन राहिला तो." अन् सासऱ्याचा जबाब मी द्यायचो, जाड आवाजात. म्हणजे तिथं ते दोघं सरळ बोलायचे. हे मले आत्ता गाडीवर आठवलं. बाजूच्या चौकटीत उभी राहायची नाही, पण बोलायची. मी तेव्हा काहीच म्हटलं नाही, नियम मोडला असं मले वाटलं बी नाही.

घरी आलो तर ती मागच्या आंगणात सुपात लाखोळीचे दाणे पाखडून राहिली होती. मी तिथंच पायरीवर बसलो अन् सगळं सांगून टाकलं, पदरवाली राणी निघाली, दाढीवाला तिचा नोकर आहे, तिच्या बाजूले उभं राहिलं का ताकद वाढते. मले वाटलं हसेल. तिनं सूप थांबवलं. "आवाज कसा आहे तिचा?" म्हणे. मी म्हटलं, "जाड आहे. बाईचाच, पण जाड." ती म्हणे, "अन् तोंड?" मी म्हटलं, "तोंड कायले पाहिजे? वय झालेली आहे. गालावर वाराचा वण आहे." ती हसली, पण मी ज्या हसण्याची वाट पाहून राहिलो होतो ते नव्हतं. "मंग आपण फुकटच मेलो ना रे एवढ्या वेळा," म्हणे. "ती डॉक्टरीण वाचली असती."

"म्हणून तर डोस्कं फिरलं माझं," मी म्हटलं. "सगळं तुमच्यामुळं. सून, म्हणे."

"माझ्यामुळं काऊन? तू काय म्हटला होता तेव्हा?"

"मी लहान होतो."

"मी बी काही म्हातारी नव्हती." तिनं सूप पुन्हा आपटलं. दाणे उडाले, खडे एकीकडं झाले. "पण शेवटच्या किल्ल्यापर्यंत गेलो होतो ना आपण? तिले मागं ठेवून?"

"गेलो होतो."

"बटनं तू दाबायचा. चाल कोण सांगायचं?"

अशा वेळी तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसते. ती वर न पाहता म्हणे, "सांगतलं का बाबूजीले?" मी म्हटलं, नाही. "काऊन?" अन् मंग माझं सुटलंच. मी म्हटलं का मी नाही सांगत, मी काही तुमचा भोंगा नाही, मी सांगतलं तर ते होणारं बी होणार नाही, त्यायले माझं तोंड दिसलं का नकार आठवते, तुम्हाले तोंड आहे ना, तुम्हीच जा अन् सांगा, विमानतळावर काउंटरवर बसाल तेव्हा काय भिंतीसंग बोलाल का? आवाज मोठा झाला. आतून मायनं विचारलं, "काय झालं रे?" वहिनीनं सूप खाली ठेवलं. रागावली का नाही ते मले समजलं नाही, तिचं तोंड अशा वेळी एकदम कोरं होते. "बरं," म्हणे. "बाबूजी आले का सपरीत?"

आले होते. समोरच्या सपरीत, दाराबाहेरच्या छपराखाली, खाटेवर बसून विळ्याची मूठ घट्ट करून राहिले होते, उद्याची कापणी होती. मी तिथं खांबाले टेकून उभा राहिलो, का उभा राहिलो ते माहीत नाही, निघून जायले पाहिजे होतं. वहिनी आतून आली, दाराच्या चौकटीपर्यंत. डोक्यावर पदर, तोंड भिंतीकडं. अन् म्हणे, "तिलकभाऊ, बाबूजीले म्हणावं, बिरसीले विमानतळावर काम मिळालं. सोमवारी हो म्हणायचं आहे. जाऊ का म्हणावं."

एवढंच. एकही शब्द जास्तीचा नाही. माझं काम होतं ते उचलून दोन हात पुढं ठेवायचं. मी नाही उचललं. खांबाच्या रंगाचा एक पोपडा निघत होता, तो नखानं काढत राहिलो. बाबूजीचा हात विळ्यावर थांबला. ते माझी वाट पाहून राहिले होते. सपरीत तिघं उभे-बसलेले अन् मधात ते वाक्य पडलं होतं, सगळ्यांनी ऐकलेलं, अन् कोणाचंच नाही. मायचं भांडं घासणं बी आतून बंद झालं. वाटलं, आता सांगून टाकावं, संपवावं, काय हट्ट लावला. पण तोंड उघडलं नाही. राग होता का भेव होतं, दोन्ही असेल.

"काय म्हणून राहिली ते?" बाबूजीनं मले विचारलं.

"तुम्ही ऐकलं," मी म्हटलं.

त्यायनं माझ्याकडं पाहिलं. मले वाटलं आता विळा येते फेकून. पण त्यायनं पुन्हा मुठीवर लाकडाचा ठोका मारला. एक. अजून एक. "ओमेश काय म्हणते?" हे कोणाले विचारलं? खाली पाहून विचारलं. मी पोपड्याले पुन्हा नख लावलं. मंग ते म्हणे, "तिथं पोरी पँट घालतात म्हणतात. टोपी बी."

"सलवार चालते," दारातून आवाज आला. "मी विचारून घेतलं."

भिंतीले नाही. मले नाही. मी तिकडं पाहिलं तर तिचं तोंड अजून भिंतीकडंच होतं, पदर तसाच, पण वाक्य सरळ निघालं होतं, माझ्या बाजूनं, मले न लागता. बाबूजीनं मान वर केली नाही. विळ्याची धार अंगठ्यानं पाहिली. एवढा वेळ लावला का मले वाटलं आता उठून निघूनच जातील, अन् मंग ही गोष्ट या घरात पुन्हा कधी निघणार नाही, ना माझ्या तोंडून ना तिच्या. "सातले हजर व्हावं लागत असेल," ते म्हणे. "तेवढ्या सकाळी एसटी नाही."

"गाडीनं होते. पाचले निघावं लागन."

"अन् गाडी कोण चालवन?"

"तिलकभाऊ नेतीन ना," ती म्हणे. "त्यायले दुसरं काय काम आहे?"

मी खांबापासून सुटलो. म्हणजे मी? पाच वाजता? मले कोणी विचारलं? नऊच्या आधी मी उठलो तर माय शेजारच्यायले सांगत फिरते. मी तोंड उघडलं, सांगायले बहुत होतं, थंडी पडून राहिली, गाडीचा मागचा टायर गेला आहे, अन् परत आणायचं कोणी. पण ते दोघं माझ्याकडं पाहतच नव्हते. बाबूजी विळ्याकडं पाहून राहिले होते अन् ती भिंतीकडं, अन् बोलणं दोघांच्या मधून चाललं होतं, जसा मी तिथं खांबच.

"पेट्रोल आहे का गाडीत?" बाबूजीनं विचारलं.

हे तरी मले होतं. गाडी मीच चालवून आलो होतो ना आत्ता. मी म्हणणारच होतो, नाही, संपत आलं, तेवढ्यात दारातून तिचा आवाज आला.

"भाऊ भरून आणतीन."